उलट शब्द घालून बघा

३ फेब्रुवारी

'स्वेच्छेने' परत आलं. पुन्हा!

माझं वाक्य होतं : तिने स्वेच्छेने नोकरी सोडली. पूर्णविरामांनी खाली लाल शाईत लिहिलंय : 'नाइलाजाने'सुद्धा बसतं.

पूर्णविराम म्हणजे आमचे मुख्य संपादक. बोलणं संपलं की टेबलावर एका बोटाने टक् करतात. त्यानंतर कोणी काही बोलायचं नसतं. नाव टायपिस्टबाईंनी ठेवलं. शाळेतल्या मुलांसाठी कोश करतोय आम्ही, आणि सध्या 'स'मध्ये अडकलोय. प्रत्येक शब्दाला एक अर्थ, एक वाक्य. अर्थ लिहिणं सोपं. वाक्याला मात्र त्यांची कसोटी : उलट शब्द घालून बघा. वाक्य तसंच उभं राहिलं तर फुकट, पोराला काही कळणार नाही. 'बर्फ थंड असतो' — इथे 'गरम' घातलं की वाक्य कोसळतं. पास. 'पाणी थंड होतं' — नापास.

मला वाटलं होतं, दुपारपर्यंत हातावेगळं होईल.

घरी आले तर आई न्हाणीघरात जमिनीवर. पडली होती. केव्हा, ते सांगेना. "बसले होते जरा." ओल्या फरशीवर!

४ फेब्रुवारी

दादाचा फोन. मीच कळवलं होतं, मलाच ऐकावं लागलं. "हे असं किती दिवस चालायचं?" जसं काही मी चालवतेय! तो दूर बसून शेळ्या हाकणार, उंटावरून. वहिनी मागून काहीतरी सांगत होती आणि तो तेच माझ्याशी बोलत होता.

त्यांनी एक जागा बघितली आहे. वृद्धाश्रम म्हणायचं नाही, 'निवास' म्हणायचं. बाग आहे, डॉक्टर येतो. एकच अट. तिथल्या संचालिकाबाई म्हाताऱ्या माणसाला एकट्याला आत नेतात, दार लोटतात आणि विचारतात : तुम्ही स्वेच्छेने आलात का? नाही म्हटलं तर आलेल्या गाडीने परत.

"म्हणजे बघ, किती चांगली संस्था आहे," दादा म्हणाला. "जबरदस्ती नाही. तू फक्त आईला तयार कर."

तयार कर. फोटो काढायला लहान मुलीला करतात तशी!

इथे कोणी वाचणार नाही, म्हणून लिहिते. फोन ठेवल्यावर मला आईची आठवण आली नाही. झोपेची आली.

५ फेब्रुवारी

तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईचा खुबा जोडलेला आहे, पण जिना तिला आता जमत नाही. मी दिवसभर ऑफिसात. मागच्या महिन्यात गॅस चालू ठेवून झोपली. सोबतीला ठेवलेली बाई पळाली, कारण आईने तिच्या कुडत्याची बाही हातात धरून शिवण उसवून दाखवली — "बघ, हे असं शिवतात का? मुंगी जाईल ह्यातून!" आईने आयुष्यभर शिवणाचं दुकान चालवलं, शाळांचे गणवेश शिवले. समोरच्याचा चेहरा बघायच्या आधी ती शिवण बघते.

ह्यातलं प्रत्येक कारण खरं आहे. कारणं इतकी खरी असली की माणसाला संशय यायला हवा.

७ फेब्रुवारी

मुलाने स्वेच्छेने गृहपाठ केला.

टायपिस्टबाई वाचून हसत सुटल्या. "अहो, कोशात खोटं छापायचं नसतं!" पूर्णविरामांना हसू आलं नाही. त्यांनी 'सक्तीने' घालून वाचून दाखवलं. वाक्य आणखीच छान उभं राहिलं. टक्.

मग मांजरावर एक लिहिलं. "प्राण्यांच्या मनातलं आपल्याला काय कळणार?" माणसांच्या मनातलं कळतं असं ते धरून चालले आहेत.

८ फेब्रुवारी

आईला सांगितलं.

चहा पीत होती. मी बागेपासून सुरुवात केली. बाग, डॉक्टर, तळमजला, सोबतीला तिच्या वयाच्या बायका. ती सगळं ऐकत होती. कप खाली ठेवला.

"माप कोणी घेतलं?"

"कसलं माप?"

"गिऱ्हाईक समोर नसताना शिवलेला कपडा कधी अंगाला बसलाय? तू जाऊन आलीस तिथे?"

"दादाने बघितलंय."

"दादाने फोटो बघितलेत." मग चष्मा मागितला, पुसला, घातला, माझ्याकडे नीट बघितलं. "मी नाही जाणार. तुझी भाजी जळतेय."

भाजी खरंच जळत होती.

११ फेब्रुवारी

मी काहीही बोललेले नाही. हे लिहून ठेवते, कारण पुढे मी स्वतःला हेच सांगणार आहे.

फक्त उसासे. कपडे जरा जास्त आपटून वाळत घातले. ती "पाणी दे" म्हणाली की उठायच्या आधी जरासं थांबते. ऑफिसातून आले की पर्स न काढता खुर्चीत बसते आणि डोळे मिटते, ती बघत असते तेव्हाच. कोणी शिकवलं नाही हे. रक्तातच असावं. तीही बाबांवर हेच करायची. त्यांनी शेवटी सिगरेट सोडली ती तिच्या उपदेशाने नाही, तिच्या खोकण्याने.

वाद घातला असता तर ती जिंकली असती. दमलेल्या माणसापुढे कोण जिंकतं!

१२ फेब्रुवारी

वहिनीचा फोन थेट आईला. फोन स्पीकरवर, आईला तसंच ऐकू येतं. स्वयंपाकघरात मलाही आलं. "आई, आम्ही काय, आमच्या आमच्या संसारात. पण तुमच्या लेकीचं जगायचंच राहून गेलं हो."

किती गोड आवाज आहे तिचा.

मी आत जाऊन म्हणायला हवं होतं, काही राहून गेलेलं नाही. हातात चमचा होता, तोच पुसत उभी राहिले.

जेवताना आई म्हणाली, "कळव त्यांना. येते म्हणावं."

१३ फेब्रुवारी

सुंठीवाचून खोकला गेला — दादा.

१५ फेब्रुवारी

आता दादाला नवी काळजी. आई आत जाऊन भलतंच बोलली तर? मागे डॉक्टरने "काय त्रास होतोय" विचारल्यावर तिने "तुमचा कोट काखेत ओढतोय" म्हणून सांगितलं होतं. "तिच्याकडून वाक्य नीट घोटून घे. तुझं कामच आहे ते."

माझं कामच आहे ते!

दुपारी बसलो. मी संचालिका झाले.

"तुम्ही स्वेच्छेने आलात का?"

"कोणाच्या?"

"आई, स्वेच्छा म्हणजे स्वतःची इच्छा."

"मग आपणहून म्हण की. एवढा जड शब्द कशाला? बाहेरून इस्त्री आणि आत अस्तर नाही."

"त्या बाई हाच शब्द वापरतात. तू म्हणायचं, हो, मी स्वेच्छेने आले आहे."

"मी स्वेच्छेने आले आहे." मान ताठ, बक्षीस समारंभात उभी असल्यासारखी. "बरोबर? किती मार्क?"

"आई."

"नाही, चांगलंय वाक्य. 'मी'ने सुरू होतं. बाकीचं सगळं तुमचं." मग म्हणाली, "इतकं आवडलंय तर तूच का जात नाहीस? बाग आहे, डॉक्टर येतो."

आम्ही दोघी हसलो. खरंच हसलो. तिला ठसका लागला, मी पाठ चोळली. मग पुन्हा पहिल्यापासून म्हणवून घेतलं.

१९ फेब्रुवारी

आज जे केलं ते का केलं, माहीत नाही. वाक्य दिलं : आजीने स्वेच्छेने घर सोडले.

पूर्णविरामांनी बोट उचललं, पण टक् केलं नाही.

"बाई, तुमच्या वाक्यांतली माणसं सारखी काहीतरी सोडत का असतात? नोकरी सोडली, जागा सोडली, हक्क सोडला, आता आजीने घर. कोणाला तरी काहीतरी धरू द्या की!"

टायपिस्टबाई हसल्या आणि लगेच थांबल्या. माझ्याकडे बघून थांबल्या असाव्यात.

वाक्यांच्या जुन्या चिठ्ठ्या काढून बघितल्या. ते म्हणतात ते खरं आहे.

२२ फेब्रुवारी

पोचवून आले.

दादा येणार होता. त्याला मीटिंग लागली. खालच्या मजल्यावरचा रिक्षावाला आणि मी, दोघांनी आईला खुर्चीत बसवून जिना उतरवला. वळणावर ती म्हणाली, "भिंतीला लावू नका रे, रंग लागेल साडीला." एवढंच. मागे वळून दाराकडे बघितलं नाही. मी बघितलं, कुलूप नीट लागलंय का ते.

निवासाला लांब व्हरांडा आहे, त्यात ओळीने खुर्च्या. संचालिकाबाई उंच, केस आखूड, बोलतात कमी. आईचा हात धरून आत घेऊन गेल्या, दार लोटलं. मी बाहेर. शेजारच्या खुर्चीत एक आजोबा वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते. मी सरळ करून दिलं. त्यांनी पुन्हा उलटं केलं.

आतून काही ऐकू आलं नाही. मला भीती वाटत होती. ती 'नाही' म्हणेल ह्याची. आणि — लिहूनच टाकते — ती 'हो' म्हणेल ह्याचीही. पण पहिली भीती मोठी होती.

संचालिकाबाई बाहेर आल्या. "झालं. फार स्पष्ट बोलल्या. वाक्य अगदी पूर्ण."

आईची खोली लहान, स्वच्छ. पलंग, कपाट, खिडकी. आईने आधी पडदा चिमटीत धरला, उलटा केला, दुमड बघितली. "यंत्रावरचं काम," म्हणाली. मग पलंगावर बसली आणि मला म्हणाली, "जा आता. तुला उशीर होईल."

कशाला उशीर? आज मला कुठेच जायचं नव्हतं.

२३ फेब्रुवारी

झोपले. दिवसभर.

२६ फेब्रुवारी

सगळे किती चांगलं बोलतात! शेजारची : "तुमच्या आई समजूतदार हो. आपणहून गेल्या." टायपिस्टबाई : "आता जरा स्वतःकडे बघा." दादा : "तिने स्वतः ठरवलं, हे महत्त्वाचं. उद्या कोणी काही म्हणायला नको."

कोण म्हणणार आहे? कोण आहे आपल्याला काही म्हणणारं?

त्याला म्हटलं, हो.

घर माझं झालं. रेडिओ हवा तेव्हा बंद करता येतो. बंद केला. तिच्या शिवणयंत्रावरचं कापड काढून झटकलं, परत घातलं. हे मला हवं होतं? हवं होतं. नाही असं लिहिणार नाही.

२ मार्च

रविवार. भेटून आले. वाळली आहे, की मीच आज नीट बघितलं?

"जेवण कसं आहे?"

"छान आहे."

"झोप लागते?"

"छान लागते."

हा आवाज मी ओळखते. न आवडणाऱ्या गिऱ्हाइकासाठी ठेवलेला. 'छान दिसतंय हो तुम्हाला.' घरी आमच्यापैकी कोणाशी ती ह्या आवाजात कधी बोलली नव्हती. आम्हाला तिने 'ध्यान दिसतंय' असंच म्हटलं नेहमी.

निघताना म्हणाली, "तुझ्या चेहऱ्यावर जरा रंग आलाय."

बसमध्ये उभ्याने आले. जागा होती, बसवेना.

४ मार्च

पूर्णविरामांनी शेवटी स्वतःच वाक्य लिहून 'स्वेच्छेने' छपाईला पाठवलं : राजाने स्वेच्छेने राज्यत्याग केला.

मी त्यांच्या टेबलाशी गेले. म्हटलं, सर, ह्यानेसुद्धा सोडलंच. आणि 'नाइलाजाने'ही बसतं.

"राजाला कसला आलाय नाइलाज?"

"त्याच्याही घरात माणसं असतील, सर. नुसती दमलेली दिसत असतील."

त्यांनी वर बघितलं. काहीतरी विचारणार होते. मग टक्.

८ मार्च

आईला परत आणायचं. ठरलं!

सकाळी उठले ती ठरवूनच उठले. इतकी हलकी कित्येक महिन्यांत झाले नव्हते. दादाला फोन केला. तो भडकला. "खेळ वाटला का तुला? ने, आण, ने, आण! ती सामान आहे का?" त्याच्या तोंडून हे! मीही सोडलं नाही. म्हटलं, तू फोटो बघितलेस, मी आईला बघितलं. ती तिथे तिच्या इच्छेने गेलेली नाही, आपण तिला ढकललं. मी उसाशांनी, वहिनीने गोड बोलून, तू दुरून. तो मग म्हणाला, "पुन्हा पडली तर मला कळवू नकोस."

बरं. नाही कळवणार.

११ मार्च

नळवाला येऊन गेला. न्हाणीघरात दोन्हीकडे धरायला दांडे बसवले, जाड, भिंतीत खोल. मी स्वतः लोंबकळून बघितलं. तो म्हणाला, "म्हशीलाही धरतील." म्हटलं, म्हैस नको, आई येतेय.

दिवसभरासाठी बाई मिळाली. मोठी आहे, दवाखान्यात काम केलेली. तिला आधीच बजावलं, शिवणीवरून बोलली तर मनावर घ्यायचं नाही. "माझी सासू पोलिसात होती," म्हणाली. मग काय!

संचालिकाबाईंना फोन करून सांगितलं, शनिवारी येते न्यायला. त्या म्हणाल्या, "या."

१२ मार्च

पूर्णविरामांकडे अर्धवेळ काम मागितलं. ते 'ह' सुरू झाल्यावर बघू म्हणाले. मी म्हटलं, आत्ताच. हो म्हणाले! टायपिस्टबाईंचे डोळे एवढे मोठे झाले.

गॅसला आपोआप बंद होणारं बटण लावून घेतलं. आईचा पलंग माझ्या खोलीत आणला. उजेड तिथेच चांगला. यंत्र खिडकीशी सरकवलं. दादाला कळवलं, तोही शेवटी "बघ बाई" म्हणाला. म्हणजे तयार झाला.

१४ मार्च

उद्या.

नव्या चादरी घातल्या. पडदेही बदलले. दुमड उलटी करून तपासून आणले. नापास व्हायला नको!

अशा आनंदात मी शेवटची केव्हा होते? उद्या तिला बघताक्षणी सांगणार आहे, आवर, घरी चल. तिचा चेहरा डोळ्यांपुढे येतोय.

१५ मार्च

आई नाही म्हणाली.

संचालिकाबाई तिला आधी आत घेऊन गेल्या. जातानाही विचारतात, हे मला माहीत नव्हतं. दार लोटलेलं होतं, तरी तो एक शब्द बाहेर आला. हाताखालच्या पोरींनी कापड चुकीचं कापलं की दुकानात यायचा, त्या आवाजात.

मग ती वॉकर टेकत बाहेर आली, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. मी दांड्यांचं सांगितलं, बाईचं, गॅसचं, पडद्यांचं, पूर्णविराम कसे हो म्हणाले, दादाही कसा तयार झाला ते. तिने सगळं ऐकून घेतलं. "नळवाल्याला विचारलंस," म्हणाली. "बाईला विचारलंस, साहेबाला विचारलंस, दादालासुद्धा विचारलंस."

मी तिची रिकामी पिशवी घेऊन उठले.

"रविवारी येत जा," ती म्हणाली. "सक्ती नाही."